पावसाळ्यात माडाला जखम नको: सोंड्या भुंगा आणि त्याचे भाईबंद

पाऊस सुरू झाला की माडाच्या शेंड्यात गेंड्या भुंगा शिरतो. झावळ्या त्रिकोणी कातरल्यासारख्या दिसल्या की बागायतदार त्याला ओळखतो. पण गेंड्याने सहसा मोठा माड मरत नाही. माड जातो तो त्याच्या मागून येणाऱ्या सोंड्याने. गेंड्याने पाडलेल्या भोकातून झिरपणाऱ्या रसाच्या वासावर तो येतो आणि त्या जखमेत अंडी घालतो.

सोंड्या तांबूस तपकिरी, साधारण साडेतीन सेंटिमीटर लांब, छातीवर काळे ठिपके असलेला. पुढे वाकडी सोंड, तिच्यावर कोपरासारख्या मुडपलेल्या मिशा. नराच्या सोंडेवर केसांचा झुपका असतो. गेंड्या आणि सोंड्या एका कुळातले नव्हेत. सोंड्याचे कुळ ड्रायोफ्थोरिडी. काही शास्त्रज्ञ त्याला कर्क्युलिओनिडी या मोठ्या कुळाचे उपकुल मानतात. केळीच्या कंदातला आणि खोडातला सोंडकिडा, तांदूळ-ज्वारीतले सोंडे हे याचेच भाईबंद. या कुळाचा ओढा मुख्यतः एकदल वनस्पतींकडे. अळीला पाय नसतात. ती आतच जन्मते, आतच खाते. म्हणून वरून मारलेली फवारणी तिच्यापर्यंत पोचत नाही, आणि खर्च मात्र होतो.

तेव्हा सगळा भर जखम न होण्यावर द्या. 5 ते 20 वर्षांच्या माडांना धोका जास्त. हिरवी झावळ तोडावीच लागली तर बुडाशी छाटू नका, देठ सुमारे चार फूट ठेवा. खोडात चढण्यासाठी खाचा पाडू नका. नारळ उतरवायला चढणाऱ्या पाडेल्यालाही हे आधीच सांगून ठेवा. कुठे लागलेच तर त्याच दिवशी डांबर किंवा बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावा. शेंड्याजवळच्या तीन झावळ्यांच्या बेचक्यांत निंबोळी पेंड आणि वाळू समप्रमाणात मिसळून भरा, म्हणजे गेंड्या दूर राहतो. तो शेणखताच्या खड्ड्यात वाढतो, तेव्हा खड्डाही उपसून अळ्या वेचा.

खोडावरच्या भोकातून तपकिरी चिकट रस गळतो का, चघळलेला चोथा बाहेर आलाय का, हे आठवड्यातून एकदा पाहा. खोडाला कान लावला तर अळ्यांचा कुरतडण्याचा आवाज येतो. मधल्या झावळ्या पिवळ्या पडेपर्यंत थांबलात तर बहुधा उशीर झालेला असतो. लवकर सापडले तर सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) बोलावून औषध भोकातूनच आत सोडायचे आणि भोके बुजवायची.

कामगंध सापळा, म्हणजे भुंग्यांना गंधाने ओढणारी बादली, बागेच्या कडेला, कोवळ्या माडांपासून लांब लावा. बादलीला बाहेरून गोणपाट गुंडाळा, आत आंबवलेले केळे आणि पाणी ठेवा, ते आठवड्याने बदला.

शेंडा कोसळलेला माड बागेत उभा ठेवू नका. तोडा, खोड उभे चिरा आणि आतल्या अळ्या-कोशांसकट जाळा. शेजारच्या बागेत असा माड उभा असेल तर त्यांनाही जाऊन सांगा, कारण भुंगा उडत तुमच्याकडेच येणार आहे.