बातमीतले 'टक्के' वाचताना या चुका टाळा

दर उन्हाळ्यात आमच्या गावच्या ग्रुपवर तोच गोंधळ होतो. कुणीतरी कात्रण टाकतं, 'उजनी उणे 20 टक्के', की लगेच विचारणा सुरू, अरे पाणी मायनस कसं असेल, आत्ताच पुलावरून आलो, पाणी तर दिसतंय की. मग निम्मे लोक घाबरतात आणि निम्मे बातमी खोटी म्हणून सोडून देतात. दोन्ही चूक. टक्के हा शब्द धरण, पाऊस, व्याज, निकाल सगळीकडे तोच असतो, पण कशाचे टक्के ते दरवेळी बदलतं.

उजनीचंच घ्या. धरण 100 टक्के भरलं म्हणजे साधारण 117 टीएमसी (अब्ज घनफूट), पण त्यातलं तळाचं 63 टीएमसीपेक्षा थोडं जास्त पाणी मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न मोजलेलं, धरलंय आणि टक्के मोजतात ते फक्त वरच्या साडेत्रेपन्न टीएमसीवर. म्हणजे 'उजनी शून्य टक्के' अशी बातमी येते तेव्हा धरणात 63 टीएमसी पाणी (आणि त्यात बसलेला गाळ) असतोच. तिथून खाली गेलं की उणे. उणे 50 म्हणजे अजून 36-37 टीएमसी आहे. म्हणून घाबरू नका, पण निवांत पण राहू नका, कारण उण्यात जसजसं खाली जाईल तसं कालव्याचं आवर्तन अडचणीत येतं आणि सोलापूरच्या पाइपलाइनला दुबार पंपिंगची वेळ येते. आणि कोयनेशी तुलना तर अजिबात नको, तिथं मृतसाठा 5 टीएमसीच्या आसपासच आहे, त्यामुळे कोयना शून्य आणि उजनी शून्य या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत. उजनी 111 टक्के भरते तेपण याच हिशोबाने, तेव्हा साठा 123 टीएमसीच्या घरात असतो.

पावसाच्या बातमीत उलटं होतं. 2024 ला हवामान खात्याचा अंदाज आला, सरासरीच्या 106 टक्के, आणि लोकांनी तो आपल्या शिवाराचा अंदाज समजून बियाणं आणलं. ही सरासरी म्हणजे अख्ख्या देशाचा जून ते सप्टेंबरचा पाऊस, 87 सेंटीमीटर. त्यात चेरापुंजी पण आली आणि आपलं सांगोला पण. शिवाय 96 ते 104 टक्के याला खातं 'सामान्य'च म्हणतं, म्हणजे 106 त्याच्या जरासंच वर. देशाच्या आकड्यावर पेरणी करू नका हो, दुबार पेरणीचा खर्च कुणी भरून देत नाही.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक, दोन टक्क्यांमधली वजाबाकी आणि 'इतक्या टक्क्यांनी' वाढलं-घटलं यातली गल्लत. दहावीचा निकाल 2024 ला 95.81 होता, 2025 ला 94.10. बातमी आली, निकाल पावणेदोन टक्क्यांनी घटला, वाचणाऱ्याला वाटलं किरकोळ आहे. पण पास न झालेली मुलं बघा, शंभरातली 4.19 होती ती 5.90 झाली, म्हणजे ते प्रमाण जवळपास 40 टक्क्यांनी वाढलं. आकडे तेच, फक्त बघायची बाजू बदलली. रेपो दराचं, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते त्याचं, पण तसंच. फेब्रुवारी 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने 6.50 वरून 6.25 केला, 'पाव टक्का कपात', तेव्हा अनेकांनी हिशोब लावला की हप्त्यातून पाव टक्का जाणार. तसं नसतं. 30 लाखाचं 20 वर्षांचं कर्ज 9 वरून पावणेनऊला आलं तर महिन्याला 480 रुपयांच्या आसपास फरक पडतो, म्हणजे हप्त्याच्या पावणेदोन टक्क्यांपेक्षा जास्तच. फक्त बँका बऱ्याचदा हप्ता तोच ठेवून मुदत कमी करतात, ते विचारून घ्या.

निवडणुकीत एवढंच बघा की मतांचे टक्के हे पडलेल्या मतांवर काढतात. 2014 च्या लोकसभेला भाजपला 31 टक्के मतं आणि 282 जागा मिळाल्या, पण मतदानच 66 टक्के झालेलं, म्हणजे एकूण मतदारांच्या साधारण पाचवा हिस्सा.

सीईटीचं पर्सेंटाइल म्हणजे टक्के नाहीत, कृपया पोरांना त्यावरून बोलू नका. 90 पर्सेंटाइल म्हणजे परीक्षा दिलेल्या शंभरातल्या साधारण 90 जणांच्या बरोबरीने किंवा पुढे. मार्क 90 टक्क्यांपेक्षा बरेच कमी असू शकतात आणि तरी तो चांगला निकाल असतो.

आणि अतिवृष्टीच्या मदतीतले 33 टक्के. शेजारचे अण्णा मला म्हणाले, नुकसानीच्या 33 टक्के पैसे मिळणार ना? नाही. पिकाचं नुकसान किमान 33 टक्के असलं तरच मदतीला पात्र, ही अट 2015 पासून आहे, त्याआधी 50 टक्के होती. पैसे हेक्टरी ठरलेल्या दराने येतात. त्यामुळे पंचनाम्याला तलाठी आले की शेतात हजर राहा, आणि आपल्या गट नंबरापुढे नुकसानीचे किती टक्के लिहिलेत ते वाचल्याशिवाय सही करू नका, कारण तिथं 30 पडलं तर अनुदान थोडं कमी नाही येत, येतच नाही.