न्यू जर्सी ते कॅलिफोर्निया, मागे ट्रेलर: वसंतात निघणाऱ्यांसाठी

गुढी उतरवली की दुसऱ्या दिवशी मी ड्राइव्हवेवर जाऊन ट्रेलरचं, म्हणजे ट्रकमागे ओढायच्या आमच्या चाकांवरच्या घराचं, कव्हर काढते. आमच्या एडिसनला (न्यू जर्सी) तेव्हा रात्री अजून पाणी गोठत असतं, त्यामुळे निघायची घाई नसते. आम्ही दोघं एप्रिलच्या मध्यावर निघतो आणि मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात कॅलिफोर्नियात लेकीकडे पोचतो. असं तीनदा केलं. ओळखीतली बरीच मंडळी आता ट्रेलर घेताहेत, आणि फोन आला की पहिला प्रश्न असतो, "कुठे कुठे थांबलात?" ते सांगायला मला आवडतंच, पण आधी वजन आणि वारा. हे दोन समजले की बाकीचं वाटेत शिकता येतं.

ट्रेलर ओढणाऱ्या पिकअप ट्रकचा ड्रायव्हरकडचा दरवाजा उघडा. चौकटीवर एक स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते त्यावर लिहिलेलं असतं. विकणारा सांगतो, "नऊ हजार पाउंड ओढेल." ओढेलही, पण बहुतेकांची मर्यादा त्याच्या आधी या स्टिकरवर संपते. आमच्या ट्रकवर १,५४० पाउंड लिहिलंय. ट्रेलरचा पुढचा दांडा हिचवर, म्हणजे ट्रकच्या मागच्या जोडणीवर, ६५० पाउंडांचा भार टाकतो, हिच ८० ची, आम्ही दोघं मिळून ३२०. उरले ४९०. त्यात जनरेटर, खुर्च्या, हत्यारांची पेटी आणि मी भरलेली डाळ-तांदळाची डबेबाजी.

दांड्यावरचा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के हवा. पहिल्या वर्षी आम्ही दोन सायकली मागच्या बंपरवर लावल्या आणि जड सामानही मागच्या कपाटात भरलं. व्हर्जिनियात आय-८१ महामार्गावर उतार लागला, शेजारून मोठा ट्रक गेला आणि ट्रेलरचं शेपूट डावीकडे गेलं, मग उजवीकडे. प्रत्येक हेलकावा आधीपेक्षा मोठा. ह्यांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं, आणि मी हात लांब करून ब्रेक कंट्रोलरची पट्टी सरकवली. त्याने फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात. तीन-चार सेकंदांत ट्रेलर मागून ओढला गेला आणि सरळ झाला. अशा वेळी ट्रकचा ब्रेक दाबायचा नाही आणि हेलकावा मोडायला स्टिअरिंग फिरवायचं नाही. ती पट्टी कुठे आहे हे शेजारी बसणाऱ्यालाही न बघता सापडलं पाहिजे. रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये जाऊन दोघांनी सराव करा.

त्याच संध्याकाळी ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे गाड्या तोलायच्या काट्यावर, वजन केलं. एकदा ट्रेलर जोडून, एकदा नुसता ट्रक. दोन्ही वेळा ट्रकच्या चाकांवर जे वजन येतं त्यातला फरक म्हणजे दांड्यावरचा भार. आमचा आठ टक्के भरला. सायकली ट्रकमध्ये आल्या, जड सामान ट्रेलरच्या चाकांच्या किंचित पुढे गेलं आणि पुन्हा ते दृश्य पाहावं लागलं नाही. घर सोडायच्या आधीच हे करा, आमच्यासारखं नंतर नको.

निघण्याआधीची कामं पाण्यापासून सुरू होतात. थंडीसाठी नळ्यांत भरलेलं गुलाबी अँटिफ्रीझ स्वच्छ पाण्याने वाहून जाऊ द्या. मग टाकी निर्जंतुक करायची: दर १५ गॅलनला पाव कप साधं, बिनवासाचं ब्लीच. प्रत्येक नळाला क्लोरिनचा वास येईपर्यंत पाणी सोडा, रात्रभर ठेवा आणि वास जाईपर्यंत धुवा. वॉटर हीटरचा बायपास (पाणी हीटरला वळसा घालून नेणारी वाट) बंद करून हीटरची टाकी भरलीय याची खात्री होईपर्यंत त्याचं विजेचं बटण दाबू नका, कोरड्या टाकीत एलिमेंट जळतं. टायरवर DOT या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षांच्या वरचा टायर नक्षी कितीही चांगली दिसो, मी बदलते. चाकांचे नट पहिल्या पन्नास मैलांनंतर टॉर्क रेंचने पुन्हा आवळा.

आमच्या भागातल्यांसाठी अजून एक. ट्रेलरच्या खालून, चाकांच्या कमानीतून, शिडीच्या मागून हात फिरवा. वाळलेल्या चिखलाचा राखाडी ओघळ दिसला तर तो बहुधा स्पॉटेड लँटर्नफ्लायच्या अंड्यांचा पुंजका असतो. ही कीड अमेरिकेत पहिल्यांदा २०१४ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या बर्क्स काउंटीत सापडली. आय-७८ त्याच काउंटीतून जातो. अंडी शरद ऋतूत घातलेली असतात आणि एप्रिलअखेरपासून फुटू लागतात, म्हणजे नेमकी आपल्याबरोबर प्रवास करतात. जुन्या प्लास्टिक कार्डाने खरवडून अल्कोहोलच्या पिशवीत टाका. त्याच कारणाने घरचं सरपण बरोबर नेऊ नका, जिथे जाळायचं तिथेच विकत घ्या.

आमचा रस्ता ठरलेला: आय-७८, मग आय-८१ ने टेनेसीपर्यंत, तिथून आय-४०. दिवसाला अडीचशे मैल, आणि दुपारी तीनच्या आत कॅम्पग्राउंड. नव्या जागेत ट्रेलर मागे घ्यायला उजेड हवा.

मेम्फिसच्या पुढे वेळापत्रक आभाळाच्या हाती. एप्रिल-मे म्हणजे टोर्नेडोचे दिवस. ओक्लाहोमातल्या नॉर्मनला वादळांचा अंदाज देणारं स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर आहे. त्यांचा नकाशा मी रोज सकाळी चहाबरोबर बघते. धोक्याच्या पाच पायऱ्या असतात. आमच्या वाटेवर तिसरी, म्हणजे नारिंगी, दिसली की आम्ही पुढे जात नाही. दोन दिवस आर्कान्सात बसून राहिलो तरी चालतं, म्हणून चार दिवस मोकळे ठेवूनच बुकिंग करा. कॅम्पग्राउंडला पोचल्यावर दोन गोष्टी विचारा: ही कुठली काउंटी, आणि वादळात जायचं कुठे? रेडिओवरचा इशारा काउंटीच्या नावाने येतो आणि परक्या मुलखात ते नाव आपल्याला माहीत नसतं. मी ते कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवते. इशारा आला की ट्रेलरमध्ये थांबायचं नाही. बहुतेक ठिकाणी पक्क्या बांधकामाचं स्नानगृह असतं, तिथे जायचं. बूट आणि टॉर्च दाराशी.

टेक्सासमधल्या ॲमरिलोपासून पुढे वारा. न्यू मेक्सिकोत वसंतात दुपारी तो वाढतो, आणि ट्रेलरची बाजू म्हणजे शीडच. ताशी ४० मैलांचे झोत सांगितले असतील तर आम्ही पहाटे निघून अकराला थांबतो किंवा निघतच नाही. धुळीची भिंत समोर आली तर रस्ता सोडून शक्य तितकं बाजूला जा, सगळे दिवे बंद करा आणि ब्रेकवरचा पाय काढा. दिवे चालू राहिले तर मागचा गाडीवाला तुमच्या दिव्यांच्या रोखाने येतो.

ॲरिझोनातलं फ्लॅगस्टाफ सात हजार फुटांवर आहे. मे सुरू झाला तरी रात्री पाणी गोठतं, तेव्हा बाहेरचा पाण्याचा पाइप काढून ठेवा आणि आतली टाकी वापरा. ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमवर (दक्षिण कड्यावर) मेदर कॅम्पग्राउंडमध्ये हुकअप, म्हणजे वीज-पाण्याची जोडणी, नाही आणि ट्रेलरला ३० फुटांची मर्यादा आहे. जागांचं बुकिंग सहा महिने आधी खुलं होतं. निघायचं ठरायच्या आधी ती जागा धरा.

स्वयंपाकाचं थोडक्यात. ३० अँपिअरची जोडणी म्हणजे ३,६०० वॅट. एसी चालू असताना मायक्रोवेव्ह आणि किटली एकदम लावलीत तर ब्रेकर पडणारच. फोडणी बाहेर, टेबलावरच्या छोट्या शेगडीवर. आत केली तर धुराचा अलार्म वाजतो आणि हिंगाचा वास गाद्यांतून महिनाभर जात नाही. कुकर मात्र हवाच. सात हजार फुटांवर साध्या पातेल्यात तूरडाळ लवकर शिजत नाही.

नीडल्सजवळ कॅलिफोर्नियाची शेतीमाल तपासणी चौकी लागते. फळं आहेत का विचारतात. असतील ती सरळ दाखवा. कडीपत्ता चौकीच्या अलीकडेच, ॲरिझोनात संपवा. एशियन सिट्रस सायलिड नावाची संत्र्या-लिंबांची कीड त्यावर राहते. लेकीसाठी कुंडीतलं रोप न्यायचा मोह मलाही झाला होता, पण तिच्या परसातल्या लिंबाकडे बघून ते एडिसनलाच ठेवलं. चौकी ओलांडली की ट्रेलरवाल्यांना वेगमर्यादा ताशी ५५ मैल. आय-४० बार्स्टोला संपतो, तोवर उजवी लेन धरा.