तोल न सावरणाऱ्या मांजराच्या पिल्लाला कसं सांभाळावं

महिन्याभराचं पिल्लू पाय फाकवून उभं राहतं, वाटीकडे तोंड नेतं आणि डोकं असं थरथरतं की नाक थेट खाण्यात बुडतं. झोपलं की थरथर बंद! असं दिसलं तर तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूची वाढ अपुरी राहिली असण्याची शक्यता बरीच असते. पशुवैद्य याला सेरेबेलर हायपोप्लेझिया म्हणतात. बहुतेकदा मांजरीण गाभण असताना तिला पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या गंभीर साथीच्या रोगाच्या विषाणूची लागण झालेली असते. हा दोष पुढे वाढत नाही, त्यात वेदना नसतात आणि सौम्य किंवा मध्यम दोष असलेली मांजरं पूर्ण आयुष्य जगतात. त्यामुळे ‘हे काही जगत नाही’ असं घाईने ठरवू नका.

१. आधी ऊब, मग दूध. गारठलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी शेजारी ठेवा, अंग कोमट झालं की पाजा. गाईच्या दुधाने जुलाब होतात. मांजराच्या पिल्लांसाठीची दूध पावडर मिळते, तीच वापरा. पिल्लू पालथंच ठेवा. उताणं धरलं की दूध श्वासनलिकेत जाऊ शकतं. डोकं हलत असेल तर हनुवटीखाली बोटाचा आधार द्या.

२. पशुवैद्याला दाखवा. हे टाळू नका, कारण तोल जाण्याची इतर कारणं उपचाराने बरी होऊ शकतात: कानातला संसर्ग, डोक्याला मार, रक्तातली साखर उतरणं, कुत्र्यांसाठीचं पर्मेथ्रिन असलेलं पिसवांचं औषध अंगाला लागणं. मान एका बाजूला कललेली असेल, डोळे झटके देत हलत असतील किंवा कालपर्यंत नीट चालणारं पिल्लू आज अडखळत असेल, तर त्याच दिवशी जा. रस्त्यावरचं पिल्लू चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबणाने भरपूर धुऊन स्वतःही डॉक्टर गाठा. घरात आधीची मांजरं असतील तर दोन आठवडे नवीन पिल्लू वेगळं ठेवा.

३. फरशी झाका. खरा फरक इथेच पडतो. गुळगुळीत फरशीवर धडपडणारं पिल्लू सतरंजीवर किंवा रबरी मॅटवर चार पावलं सरळ टाकतं. जिना, गच्ची, पाण्याची बादली त्याच्या आवाक्याबाहेर असू द्या. नखं अगदी बारीक कापू नका, पकड त्यांच्यावरच असते.

४. भांडी जड आणि रुंद घ्या, जराशी उंचावर, भिंतीच्या कोपऱ्यात ठेवा. अंग टेकलं की डोकं कमी हलतं. शी-शूसाठी माती भरलेल्या ट्रेच्या कडा उंच हव्यात, आत शिरायला एक बाजू खाली कापलेली. त्यालाही भिंतीचा टेकू द्या. अंग बरबटलं तर ओल्या कापडाने पुसा, रागावू नका.

५. दर वेळी उचलू नका. बघवत नाही, कबूल. पण मऊ जागी पडू द्या. पडत-उठतच स्नायू बळकट होतात आणि पिल्लू आपली युक्ती शोधतं: कोणी भिंतीला घासत चालतं, कोणी सशासारख्या उड्या मारतं.

६. लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात. पुढे नसबंदीही करून घ्या, आणि मांजर कायम घरातच ठेवा. आई सापडली तर तिचंही लसीकरण करा. मात्र ती पुन्हा गाभण असेल तर पशुवैद्याला आधी सांगा, कारण जिवंत विषाणूची लस पोटातल्या पिल्लांना हाच दोष देऊ शकते.