घडीच्या बेंचवर रीलोडिंग प्रेस डुलत होता: माझा अनुभव

टेक्सासमधल्या छोट्या अपार्टमेंटमध्ये कायमचं टेबल मावेना, म्हणून रीलोडिंग प्रेस (वापरलेली काडतुसं पुन्हा भरायचं हँडलवालं यंत्र) घडीच्या वर्कबेंचवर बसवला. .३०८ रायफलच्या काडतुसाची रिकामी केस साइझ करताना (दाबून मूळ मापात आणताना) हँडल ओढलं की बेंचचे मागचे पाय उचलायचे, बंदुकीची दारू तोलायच्या तराजूचा शून्य सरकायचा. सी-क्लॅम्प सैल पडले, पायाखालचं रबरही कुचकामी. दोन महिने नुसती चिडचिड.

जमलं ते असं: पाऊण इंची प्लायवूडचे दोन थर गोंदाने चिकटवून रात्रभर दाबले. मग खाली मधोमध टू-बाय-फोर (लाकडाचा जाड तुकडा) स्क्रूने पक्का केला. तोच बेंचच्या जबड्यात (वरच्या दोन फळ्यांच्या पकडीत) आवळायचा. प्रेस पुढच्या कडेला, बरोबर पायाच्या वर, आरपार बोल्ट आणि खाली रुंद वॉशर लावून. शेवटी मागच्या बाजूला २५ पौंडी छऱ्यांच्या दोन पिशव्या. तराजू मात्र वेगळ्या शेल्फवरच ठेवा, बेंच कितीही घट्ट वाटला तरी.