लहानग्यांना इंग्रजी शिकवायचंय? आधी कान तयार करा

तीन ते सहा वयोगटाला इंग्रजी शिकवायला नव्याने येणाऱ्यांची तयारी बहुतेक वेळा तक्ते, फ्लॅशकार्ड, वर्कशीट आणि ए टू झेड अशी असते. हे सगळं लागतंच. पण अनेक वर्षं या मुलांत वावरल्यावर माझं मत पक्कं झालंय की या वयात वाचनाचा पाया कानात घातला जातो. तो कच्चा राहिला तर वह्या भरतात, वाचता मात्र येत नाही.

एक प्रसंग तुम्हालाही लवकरच बघायला मिळेल. पाच वर्षांचा मुलगा ‘सी-ए-टी, कॅट’ धडाधड म्हणून दाखवतो. मी फळ्यावरचा सी पुसून तिथे एम लिहिते. तो ‘एम-ए-टी’ म्हणतो, थांबतो, माझ्या तोंडाकडे बघतो आणि हळूच विचारतो, ‘कॅट?’ त्याला अक्षरं सगळी ओळखता येतात. पण एम दिसला की तोंडातून ‘म्’ निघायला हवा, हे त्याला कुणी दाखवलेलंच नाही. त्याच्यासाठी स्पेलिंग म्हणजे पाठ केलेलं गाणं आहे.

इंग्रजीत अक्षरं 26, पण आवाज साधारण 44. त्यात अक्षराचं नाव आणि त्याचा आवाज यांचा मेळ बसेलच असं नाही. ‘डब्ल्यू’ या नावात त्या अक्षराचा आवाज सापडतच नाही. म्हणून फोनिक्समध्ये, म्हणजे अक्षरांच्या आवाजांवरून वाचायला शिकवण्याच्या पद्धतीत, आधी आवाज शिकवतात, नावं मागाहून आली तरी चालतात. क्रमही ए, बी, सी असा नसतो. एस, ए, टी, पी, आय, एन ही सहा अक्षरं आधी घेण्याची पद्धत बरीच रुळली आहे. कारण सोपं आहे: एवढ्यावर सॅट, पिन, टॅप, टिन, नॅप असे कितीतरी शब्द मूल स्वतः जोडून वाचू शकतं. पहिल्याच टप्प्यात ‘मी वाचलं’ हा अनुभव मिळाला की पुढची निम्मी लढाई जिंकलीच म्हणायची.

इथे मराठी शिक्षकाने एका गोष्टीकडे फार बारकाईने लक्ष द्यायला हवं. आपण बाराखडीवर वाढलो. आपलं ‘क’ म्हणजे क् अधिक अ. त्यामुळे सीचा आवाज सांगताना आपण नकळत ‘क’ म्हणतो, टीला ‘ट’ म्हणतो, आणि मूल प्रामाणिकपणे जोडतं: ‘क-ॲ-ट’. यातून कॅट कसं होणार? आवाज पाय मोडूनच म्हणायचा: क्, ट्, प्. स्, म्, फ्, न् हे आवाज लांबवता येतात, म्हणून जोडाजोडीची सुरुवात त्यांच्यापासून करा. ‘स्स्स्-ॲ-ट्’ म्हणताना आवाज तुटत नाही आणि मुलाला शब्द ऐकू येतो. वर्गात शिरण्याआधी घरी आरशासमोर याचा सराव करा. व्ही आणि डब्ल्यूचाही करा. आपल्याकडे दोन्ही ‘व’च्याच घरात राहतात. व्हीसाठी वरचे दात खालच्या ओठावर टेकतात, डब्ल्यूसाठी ओठ गोल होतात. मुलांच्या हातात छोटा आरसा दिला की त्यांना हे लगेच दिसतं, आणि दिसलं की जमतंही. परदेशी ढंगात बोलायचा अट्टाहास मात्र नको. स्पष्ट, सावकाश आणि रोज तोच उच्चार मुलांना पुरतो.

अक्षर दाखवण्याआधी तोंडी खेळ भरपूर घ्या. ‘मी म् म्हटलं की उड्या मारा.’ ‘सन, सॉक, मॅट: वेगळा कोण?’ मग शब्दाचे तुकडे. रशियन मानसशास्त्रज्ञ एल्कोनिन यांच्या नावाने ओळखली जाणारी चौकटींची युक्ती मी अजून कुठल्याही महागड्या साहित्याच्या बदल्यात देणार नाही. कागदावर शेजारी शेजारी तीन चौकटी काढायच्या, खाली तीन बटणं ठेवायची. ‘सन’ म्हणताना प्रत्येक आवाजाला एक बटण वर सरकवायचं: स्, अ, न्. आवाज डोळ्यांना दिसत नाही, सरकणारं बटण दिसतं. पहिल्यांदा मुलं ‘स-न’ म्हणून दोनच बटणं सरकवतात, कारण त्यांच्या कानाला बाराखडीतल्या अख्ख्या अक्षराची सवय असते. घाई करू नका, तिसरं बटण आपोआप सरकू लागतं.

‘द’, ‘वॉज’, ‘सेड’ यांसारखे शब्द जोडून नीट वाचता येत नाहीत. ते थोडे थोडे घेऊन नजरेत बसवावेत. त्यांची लांबलचक यादी पाठ करून घेण्यात मला अर्थ वाटत नाही.

मात्र आवाज जोडता आले म्हणजे वाचन झालं, असंही नाही. गफ आणि टनमर या अभ्यासकांनी 1986 मध्ये मांडलेलं सूत्र प्रत्येक नव्या शिक्षकाने मनात कोरून ठेवावं: आकलनासह वाचन म्हणजे शब्द उलगडणं गुणिले भाषा समजणं. गुणाकार आहे, त्यामुळे एक बाजू शून्य झाली की उत्तर शून्य. मूल ‘हेन’ अचूक वाचेल, पण हेन म्हणजे कोंबडी हे ठाऊक नसेल तर त्याने फक्त आवाज काढला.

ही दुसरी बाजू गोष्टींतून भरते. एकच पुस्तक आठवडाभर वाचा. पहिल्या दिवशी चित्रं आणि हावभाव, पुढे शब्दांखाली बोट फिरवत. मग वाक्यातला शेवटचा शब्द गाळून थांबा. वर्ग तो पूर्ण करतो. गोष्ट आधी मराठीत सांगितली तर इंग्रजी ऐकताना मुलं अर्थासाठी चाचपडत नाहीत, म्हणून मी तसं बिनधास्त करते. ‘वर्गात फक्त इंग्रजीच’ हा नियम तीन वर्षांच्या मुलावर लादणं मला अन्यायाचं वाटतं. रडणाऱ्या मुलाला जवळ घेताना त्याची भाषाच लागते.

काही मुलं सुरुवातीचे कितीतरी दिवस इंग्रजीत अक्षरही बोलत नाहीत. तेव्हा ऐकणं चालू असतं. ‘टच युवर नोज’ म्हटल्यावर हात नाकाकडे गेला, तर त्याला कळलंय. मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांची टीपीआर (टोटल फिजिकल रिस्पॉन्स) पद्धत यावरच उभी आहे: आधी अंगाने उत्तर, बोलणं मागून. अशा मुलाला उभं करून बोलायला लावू नका.

लिहिण्याची घाई सगळ्यांत जास्त. साधारण तिसऱ्या वर्षी मूल गोल बघून काढतं, चौथ्या वर्षाच्या आसपास अधिकचं चिन्ह, आणि त्रिकोण पाचच्या पुढे. म्हणजे तिरक्या रेघा सर्वांत शेवटी येतात. मग साडेतीन वर्षांच्या मुलाकडून के, एक्स, डब्ल्यूच्या ओळी गिरवून घेताना त्याची बोटं काय सोसतात, याचा विचार करा. माती, मणी, चिमटे, हवेत मोठी अक्षरं काढणं, हे त्या वयाचं लेखन. बी आणि डी उलटे येणं पाच-सहा वर्षांपर्यंत अगदी स्वाभाविक आहे.

पालक विचारतील, ‘टीचर, वहीत काहीच का नाही?’ प्रश्न काळजीतून येतो, त्यामुळे वाद घालू नका, दाखवा. मुलाला जवळ बसवून त्याच्या आईसमोर ती बटणं सरकवू द्या. आईने घरी काय करावं, तर रोज झोपताना गोष्ट वाचावी किंवा सांगावी, आणि तीही स्वतःला जी भाषा सहज येते त्या भाषेत.

कोर्सबद्दल नेहमी विचारलं जातं. सेल्टा हा केंब्रिजचा इंग्रजी शिक्षकांसाठीचा प्रमाणपत्र कोर्स मुळात मोठ्यांना शिकवण्यासाठी बेतलेला आहे. केंब्रिजचीच टीकेटी (टीचिंग नॉलेज टेस्ट) यंग लर्नर्स ही शिक्षकांसाठीची परीक्षा सहा ते बारा वर्षांच्या मुलांचा विचार करते. दोन्ही चांगल्या, पण केजीच्या वर्गात उभं राहायचं तर बालशिक्षणाचा पाया आणि फोनिक्सचं प्रशिक्षण आधी घ्या. शिवाय एखाद्या अनुभवी शिक्षिकेच्या वर्गात मागे बसून बघायची परवानगी मागा. मुलाखतीत डेमो विचारतीलच. तेव्हा पंचवीस फ्लॅशकार्ड घेऊन जाऊ नका. एक गोष्ट, एक आवाज, त्या आवाजाचा एक खेळ, आणि दर पाच-सात मिनिटांनी मुलांना जागेवरून हलवणारं काहीतरी, एवढं नेटकं बसवा.