फ्रीझरचा बर्फ काढायच्या दिवसाची तयारी

बर्फाचा थर अर्ध्या सेंटिमीटरच्या वर गेला की दिवस ठरवून टाका. तो थर म्हणजे थंडाव्याच्या नळ्यांवर पांघरलेली गोधडीच. आतली उष्णता नळ्यांपर्यंत पोचायला वेळ लागतो, म्हणून कंप्रेसर जास्त वेळ चालतो आणि बिल वाढतं.

आठवडाभर आधी नवीन सामान भरणं थांबवा, आहे ते वापरून संपवत आणा. आदल्या दिवशी जाड पिशव्या, दोन चादरी, जुने टॉवेल, एक पसरट ट्रे, प्लॅस्टिकचा उलथणं आणि फ्रीझरमध्ये चालणारा थर्मामीटर हाताशी काढून ठेवा. बर्फाच्या दोन-तीन बाटल्याही गोठवून घ्या. पाणी गोठताना फुगतं, तेव्हा बाटली गळ्यापर्यंत भरू नका.

त्या दिवशी सकाळचा गारवा असतानाच सुरुवात करावी. सामान एकमेकांना चिकटून पिशवीत, मध्ये बर्फाच्या बाटल्या, वरून चादर. मग प्लग काढा, बटण बंद करून भागत नाही. दार सताड उघडं ठेवून आत गरम पाण्याचं पातेलं ठेवा आणि पाणी निवलं की बदला. थोड्या वेळाने कडेला बर्फ पांढऱ्याचा काचेसारखा पारदर्शक होतो, मागे पाण्याची रेघ दिसते आणि उलथण्याच्या नुसत्या टेकूने अख्खी लादी सुटून येते. तोवर धीर धरा. सुरी, स्क्रू ड्रायव्हर यांना हातही लावू नका. नळीला बारीकसं भोक पडलं तरी गॅस निघून जातो, आणि हल्लीच्या बऱ्याच फ्रीझरमधला गॅस ज्वलनशील असतो. म्हणून हेअर ड्रायरही नको.

आता दाराचं रबर. माझ्या मते सगळ्या दिवसातलं हे सर्वांत महत्त्वाचं काम, कारण बर्फ येतो तो बाहेरच्या हवेतल्या ओलाव्यातून, आणि ती हवा आत शिरते इथूनच. कोमट साबणपाण्याने खाचा पुसा. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निसटली तर तिथे फट आहे. चारी बाजूंनी, कोपऱ्यांतसुद्धा तपासा. रबर वाकडं झालं असेल तर गरम पाण्यात भिजवलेल्या फडक्याने शेकून पाहा. तरीही बसलं नाही तर बदलून घ्या. हे टाळलं तर बर्फ लवकरच परत येईल.

प्लग निघालेलाच आहे, तर मागची जाळी उघडी असल्यास मऊ ब्रशने झाडून घ्या. आतली उष्णता तिथून बाहेर पडते, धूळ साचली की अडते. भिंतीपासून किती अंतर हवं ते माहितीपुस्तिकेत असतं. शेगडी किंवा ऊन जवळ असेल तर जागाच बदला.

आतून अगदी कोरडं पुसून मगच सुरू करा. थर्मामीटरने उणे १८ अंश सेल्सिअस दाखवलं की सामान परत. त्याहून थंड ठेवायची गरज नाही, उगाच वीज जाते. ठेवताना पाकिटं चपटी करा आणि त्यांवर नाव-तारीख लिहा, म्हणजे दार उघडं ठेवून शोधत बसावं लागत नाही. शिजवलेलं अन्न आधी निवू द्या, फ्रिजमध्ये गार करा, नंतर इथे. आणि पुढे काही वितळवायचं झालं की आदल्या रात्री ते खालच्या फ्रिजमध्ये ठेवा. त्याचा थंडावा तिथे कामी येतो.