ट्रेलरवर न्यायची छोटी शिडाची बोट घरी बनवताय?

बोट बनवायची म्हटलं की लोक आधी केबिनमध्ये बंक कुठे आणि स्टोव्ह कुठे हेच काढत बसतात, पण बोट ट्रेलरवर न्यायची ना, मग सुरुवात ट्रेलरपासूनच करा. बऱ्याच देशांत रस्त्यावर साधारण २.५ मीटर रुंदीची मर्यादा असते, शिवाय तुमची गाडी किती वजन ओढते ते बघा आणि त्यात ट्रेलर, इंजिन, नांगर, पाण्याचे कॅन सगळं धरा. पहिल्या बोटीला ५-६ मीटर भरपूर झाले. प्लॅन तयारच घ्या आणि त्यात मधेच लांबी वाढवायचं डोकं चालवू नका प्लीज.

पद्धत म्हणाल तर स्टिच अँड ग्लू, मिरर डिंगी या छोट्या शिडाच्या बोटीमुळे १९६० च्या दशकात हौशी लोकांत पसरलेली. मरीन प्लायचे (म्हणजे पाण्यात टिकणारं प्लायवूड) पॅनल कापायचे, कडेला भोकं पाडून तांब्याच्या तारेने शिवायचे आणि मग सांधे इपॉक्सीने (दोन भाग कालवून लावायचा पक्का गोंद) चिकटवायचे. ८ फुटी शीट पुरत नाही म्हणून स्कार्फ जॉइंट मारावा लागतो, म्हणजे दोन शीटच्या कडा तिरक्या तासून एकमेकींवर चिकटवायच्या, उताराची लांबी जाडीच्या ८ पट, म्हणजे ६ मिमी प्लायला ४८ मिमी.

तारा आवळल्या की लगेच इपॉक्सी कालवायला धावू नका!! हलमध्ये (बोटीच्या मुख्य अंगात) पीळ आहे का ते आधी बघा. पुढे, मध्ये, मागे एकेक सरळ पट्टी आडवी ठेवा, मागे उभं राहून एक डोळा मिटा, सगळ्या पट्ट्या एकमेकींना समांतर दिसल्या पाहिजेत. एखादी कललेली दिसली तर तिथल्या तारा जरा सैल करा, खाली पाचर सरकवा, परत बघा, अख्खी संध्याकाळ गेली तरी चालेल कारण इपॉक्सी एकदा धरलं की तो पीळ कायमचा.

इपॉक्सी वाळल्यावर कधीकधी वर मेणचट थर येतो, तो आधी पाण्याने धुवा, मगच घासा. ग्लव्हज आणि मास्क लागतातच, त्यात कंजुषी नको.

सेंटरबोर्ड म्हणजे बोटीच्या तळातून पाण्यात खाली सोडायची फळी, ती ज्यात बसते ती पेटी हे गळतीचं माहेरघर. पेटीच्या आतल्या बाजूला ग्लास कापड (फायबरग्लासचं) आणि इपॉक्सी पेटी जोडायच्या आधीच लावा, नंतर आत हात जात नाही. पिव्होट बोल्टचं (ज्यावर ती फळी फिरते तो) भोक मुद्दाम मोठं पाडा, घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरा आणि वाळल्यावर त्यातूनच बोल्टच्या मापाचं पाडा, म्हणजे पाणी प्लायपर्यंत पोचत नाही.

डोलकाठी बिजागरीवर बसवा, एकट्याला उभी करता आली पाहिजे. आणि उभी करायच्या आधी वर विजेच्या तारा नाहीत ना ते बघा, ॲल्युमिनियमची असेल तर विशेष.